किलिमांजारोसाठी कोणते सामान विकत घ्यावे आणि कोणते तिथे भाड्याने घ्यावे?

गोदाकाठ

सर्वांना नमस्कार. येत्या फेब्रुवारीत मी आणि माझे यजमान टांझानियातील किलिमांजारो चढण्याचा विचार करत आहोत. आमची मुलगी नोकरीनिमित्त दार-ए-सलामला असते, आणि तिच्याकडे जायचेच आहे तर हेही करून पाहू, असा हा बेत आहे. आम्ही दोघेही साठीला टेकलो आहोत. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड असे गड-डोंगर वर्षानुवर्षे चालतो आहोत आणि एका हिवाळ्यात उत्तराखंडातील केदारकांठाही केला आहे. पण त्याहून अधिक उंचीचा अनुभव आम्हाला नाही.

चढाई आयोजित करणाऱ्या कंपनीने सामानाची जी यादी पाठवली आहे, ती सगळी विकत घेतली तर विमानाच्या तिकिटाइतका खर्च होईल आणि त्यातले बरेचसे नंतर माळ्यावर पडून राहील. म्हणून अनुभवी मंडळींना माझे तीन प्रश्न आहेत. कोणत्या वस्तूंवर पैसे खर्च केल्याने खरोखर सुख मिळते आणि कोणत्या भाड्याने घेतल्या तरी चालतात? मारंगू मार्गावर राहायला लाकडी झोपड्या आहेत असे वाचले. आमच्या वयाला तंबूंपेक्षा तो मार्ग सोयीचा ठरेल का? आणि तिसरा प्रश्न झोपेचा आहे. केदारकांठ्याला मला थंडीने रात्रभर झोप लागली नव्हती, आणि या वेळी सलग सहा-सात रात्री डोंगरावर काढायच्या आहेत.

कातळवाट

नमस्कार ताई. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते बाकी सगळ्या सामानाचा विचार झोपेभोवतीच व्हायला हवा. उंचीवर भूक मंदावते आणि थकवा साचत जातो. त्यात रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, तर शिखराच्या रात्री अंगात काही उरत नाही.

स्लीपिंग बॅगच्या चिठ्ठीवर सहसा दोन-तीन तापमाने छापलेली असतात आणि दुकानदार त्यातले सर्वांत प्रभावी वाटणारे तुम्हाला वाचून दाखवतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ‘कम्फर्ट’ हे तापमान सर्वसाधारण स्त्रीला सैल पडून आरामात झोपता येईल असे असते, ‘लिमिट’ हे पुरुषाला अंग आखडून कसेबसे झोपता येईल असे असते, आणि ‘एक्स्ट्रीम’ हा आकडा फक्त जीव वाचण्यापुरता असतो. तुम्ही केवळ कम्फर्टचाच आकडा पाहा आणि तो उणे १० अंशांच्या आसपासचा असू द्या. बराफूच्या तळावर, म्हणजे शिखराच्या चढाईआधीच्या शेवटच्या मुक्कामी, ४,६७३ मीटरवर, रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो.

मात्र केदारकांठ्याला झोप न लागण्याचे कारण बॅग नसून खालची चटई असण्याचीच शक्यता मला अधिक वाटते. बॅगेतली पिसे उष्णता धरून ठेवतात ती त्यांच्यामध्ये अडकलेल्या हवेमुळे. आपण अंगाखालची पिसे आपल्याच वजनाने चेपतो, त्यामुळे पाठीखाली ती हवा उरत नाही आणि जमीन शरीरातली उष्णता ओढून घेत राहते. तिथे वाचवते ती फक्त चटई. चटईच्या उष्णतारोधाचा आकडा ‘आर व्हॅल्यू’ म्हणून दिलेला असतो आणि दोन चटया एकावर एक घातल्या तर त्यांच्या आकड्यांची चक्क बेरीज होते. कंपनी सहसा फोमची एक चटई देते. तिच्यावर घालायला तुमची स्वतःची फुगवायची चटई न्या. दोन्ही मिळून आकडा चारच्या वर गेला म्हणजे पुरे. साध्या फोमच्या चटईच्या आधाराने महागड्या बॅगेत कुडकुडत रात्र काढणारे लोक मी पाहिले आहेत.

आता कपड्यांविषयी. आपण सह्याद्रीत चढतो तेव्हा घामाघूम होऊन चढतो, आणि ही सवय किलिमांजारोवर दिशाभूल करते. शिखराची चढाई मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते आणि वाटाडे इतक्या संथ गतीने नेतात की पावलापुढे पाऊल टाकल्यासारखे वाटते. ते योग्यही आहे, कारण ५,८९५ मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. पण इतक्या संथ चालीत शरीर स्वतःची उष्णता फारशी निर्माण करत नाही. बाहेर उणे १० ते उणे २० अंश आणि वरून वारा. म्हणून चालणाऱ्या माणसाचे नव्हे, तर उभ्या असलेल्या माणसाचे कपडे न्यायचे, असा विचार करा. अंगाला लागून लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचे जाकीट आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे कवच. सुती बनियन किंवा टी-शर्ट या रात्री अजिबात नको. सुताला ओल लागली की ते वाळत नाही आणि अंगाला थंड फडक्यासारखे चिकटून राहते.

पहिल्या दिवशी हे सगळे पाठीवरच्या पिशवीत नसले तरी चालेल. तो दिवस दमट जंगलातून जातो, तिथे उलट उकडते आणि पाऊस कधीही येतो.

बुटांच्या बाबतीत मी हट्टी आहे. ते विकतच घ्यावेत, नेहमीच्या मापापेक्षा अर्ध्या नंबराने मोठे घ्यावेत, जाड मोजा घालून संध्याकाळी पाहावेत आणि दोन-तीन महिने घराजवळच्या टेकडीवर वापरून नरम करावेत. अर्धा नंबर मोठा असावा याचे कारण चढ नसून उतार आहे. मचामे किंवा लेमोशो मार्गाने गेलात, तर शिखर गाठून त्याच दिवशी म्वेका तळापर्यंत, म्हणजे सुमारे २,८०० मीटर खाली उतरायचे असते. नखे वाढलेली असतील आणि बूट बेताचे असतील, तर अंगठ्याचे नख काळे पडणे जवळजवळ ठरलेले. चालण्याच्या दोन काठ्या याच उतारासाठी आहेत. चढताना त्यांची गरज वाटणार नाही, उतरताना मात्र गुडघे दुवा देतील.

अरुशावासी

ताई, मी अनेक वर्षे अरुशा परिसरात राहतो आणि पाहुण्यांच्या निमित्ताने या डोंगराशी माझा संबंध येत असतो. कातळवाट यांनी सांगितलेल्याशी मी बहुतांशी सहमत आहे. स्थानिक बाजूने काही भर घालतो.

मोशी आणि अरुशा या दोन्ही गावांत डोंगराचे सामान भाड्याने मिळते. स्लीपिंग बॅग, पिसांचे जाड जाकीट, काठ्या, घोट्यावरचे गेटर (बुटात खडे-धूळ जाऊ न देणारे वेष्टण) आणि वरचे जलरोधक कवच या वस्तू भाड्याने घ्यायला हरकत नाही. माझा साधा नियम असा आहे की जे कातडीला लागते किंवा पायात जाते ते आपले असावे आणि जे बाहेरून अंगावर येते ते भाड्याचे चालेल. फक्त चढाईच्या आदल्या दिवशी दुकानात जाऊन प्रत्येक चेन स्वतः वर-खाली करून पाहा, जाकीट हातात दाबून सोडल्यावर ते पुन्हा फुगते का ते पाहा आणि बॅगेसाठी रेशमी किंवा पातळ कापडी अस्तर घरून आणा. त्यामुळे स्वच्छतेचा प्रश्न सुटतो आणि थोडी ऊबही वाढते.

मारंगूच्या झोपड्यांविषयी मला स्पष्टच सांगायला हवे. मांडारा, होरोम्बो आणि किबो या तीन ठिकाणी खाटा व गाद्या आहेत आणि पावसात त्यांचे सुख मोठे आहे, हे खरे. पण तो मार्ग जाता-येता एकच आहे आणि कंपन्या तो बहुतेक वेळा पाच-सहा दिवसांत उरकतात. उंचीची सवय होण्याच्या दृष्टीने मचामे आणि लेमोशो हे मार्ग सरस ठरतात, कारण तिथे दिवसा लाव्हा टॉवरपर्यंत, म्हणजे ४,६०० मीटरच्या वर जाऊन रात्री बरँकोला, ४,००० मीटरच्या किंचित खाली झोपायला उतरतात. शरीराला हा चढ-उतार मानवतो. साठीच्या जोडप्याला मी गादीपेक्षा एक-दोन जास्तीचे दिवस घ्यायला सांगेन. लेमोशो आठ दिवसांत करा. तंबूतली गैरसोय चटईने भरून निघते, पण घाईने लागलेली उंची कशानेच भरून निघत नाही. मारंगूच हवा असेल, तर होरोम्बोला एक जादा रात्र मागून घ्या.

सामानाची पिशवी मऊ कापडी डफल असावी. चाकांची सुटकेस इथे कुचकामी आहे, कारण पोर्टर ती डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन तुमच्या आधी पुढच्या तळावर पोहोचणार असतो. पोर्टरच्या ओझ्यावर राष्ट्रीय उद्यानाची २० किलोची मर्यादा आहे आणि त्यात तुमच्या वाट्याला साधारण १५ किलो येतात. कंपनी निवडताना पोर्टरना तीन वेळा जेवण, झोपायला धड तंबू आणि ठरलेली मजुरी मिळते का, हे जरूर विचारा. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था या गोष्टींवर लक्ष ठेवते, अटी पाळणाऱ्या कंपन्यांची यादी जाहीर करते आणि पोर्टरना डोंगरावरचे गरम कपडे मोफत वापरायलाही देते. आपण हजारोंचे जाकीट घालायचे आणि आपले ओझे वाहणाऱ्याने फाटक्या स्वेटरमध्ये रात्र काढायची, हे मला तरी पटत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांना विशेष सांगावी लागते. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. आपण सवयीने प्रत्येक कपडा वेगळ्या पिशवीत बांधून आणतो. ते टाळा आणि पाण्यापासून जपायच्या वस्तूंसाठी ड्रायबॅग आणा. एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही डोंगरावर नेता येत नाहीत.

रानजाई

मी व्यवसायाने डॉक्टर आहे आणि उंचावर भटकण्याची मला आवड आहे. औषधांचा निर्णय तुमच्या कुटुंबाच्या डॉक्टरांशी बोलूनच करावा, हे आधी सांगते. पण औषधे आणि सामान यांचा जवळचा संबंध असतो आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

उंचीच्या त्रासाला प्रतिबंध म्हणून अॅसिटाझोलामाइड, म्हणजे आपण ज्याला डायमॉक्स म्हणतो, ते साधारणतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून दिले जाते. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगायला हवे. या औषधाने बोटांना मुंग्या येतात, त्याने घाबरू नये. त्याने लघवीही वाढते. दिवसाला तीन-चार लिटर पाणी प्यायचे आणि वर ही गोळी, म्हणजे रात्री दोन-तीन वेळा उठणे आले. बॅगेची चेन उघडायची, बूट चढवायचे, दिवा शोधायचा आणि गोठलेल्या जमिनीवरून शौचालयापर्यंत जायचे. परत येईपर्यंत अंगातली सगळी ऊब गेलेली असते. म्हणून मोठ्या तोंडाची, वेगळ्या रंगाची, अंधारातही स्पर्शाने ओळखू येईल अशी एक बाटली तंबूतच वापरण्यासाठी ठेवा. स्त्रियांसाठी सिलिकॉनचे नरसाळे मिळते. ते न्हाणीघरात आधी वापरून पाहिले की संकोच आणि फजिती दोन्ही टळतात. शेकडो रुपयांच्या या वस्तूने जे सुख मिळते, ते हजारोंच्या जाकिटाने मिळत नाही. कंपनी जादा पैसे घेऊन स्वतंत्र शौचालयाचा तंबू देत असेल, तर तुमच्या वयाला तो खर्च मी सार्थ मानेन.

मोशीच्या परिसरात हिवताप आहे, त्यामुळे प्रतिबंधक औषध घ्यावे लागेल. त्यासाठी डॉक्सिसायक्लिन दिले गेले, तर त्याने त्वचा उन्हाला फार संवेदनशील होते, आणि दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. हे दोन्ही एकत्र आले की हाताच्या मागच्या बाजूची आणि नाकाची कातडी अक्षरशः सोलवटते. पर्यायी औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा; नाहीतर पूर्ण बाह्यांचे सदरे, रुंद काठाची टोपी, ओठांसाठी संरक्षक मलम आणि डोळ्यांच्या कडा झाकणारा चांगल्या प्रतीचा गॉगल हे सगळे सामानात घ्या.

हातांसाठी दोन थर असावेत, आत पातळ मोजे आणि बाहेर बोटे एकत्र राहतील असे मिटन. बोटे एकमेकांना लागून राहिली की उष्णता टिकते. हात गरम ठेवणाऱ्या रासायनिक पुड्या अनेकजण नेतात आणि शिखराजवळ त्या ‘खराब निघाल्या’ अशी तक्रार करतात. त्या पुड्यांमधले लोखंड हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून उष्णता देते. हवाच विरळ असेल, तर ती उष्णता मंद पडणारच. पुडी निघण्याच्या बऱ्याच आधी तंबूत उघडा, ती चांगली तापू द्या आणि मगच मिटनमध्ये सरकवा.

डोकेदुखी आणि मळमळ सौम्य असेल तर थांबून पाहता येते; पण चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी दम लागला, तर कितीही उत्तम साहित्य जवळ असले तरी तत्काळ खाली उतरणे हाच उपाय आहे. प्रवास विमा घेताना त्यात ६,००० मीटरपर्यंतची चढाई आणि सुटकेचा खर्च येतो का, हे कागदावर वाचून घ्या, कारण अनेक विमापत्रांत त्याहून खूपच खालची मर्यादा असते.

पाठपिशवी

एका मुद्द्यावर माझा मतभेद नोंदवतो. पिसांचे जाकीट भाड्याने घेणे मला धोक्याचे वाटते. पिसे ओली झाली की त्यांचा फुगारा जातो आणि ऊब संपते, आणि भाड्याचे जाकीट कितीदा धुतले आहे, कसे वाळवले आहे, हे कळायला मार्ग नसतो. कृत्रिम भरण असलेले जाकीट थोडे जड असते, पण ओलसर झाले तरी काम देते, भारतात परवडणाऱ्या किमतीत मिळते आणि पुढे हिमालयातही वापरता येते. ताई हिमालयात जातातच, म्हणजे ते माळ्यावर पडून राहणार नाही.

पाण्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून सांगतो. नळीने पाणी पिण्याची पिशवी दिवसा फार सोयीची असते, परंतु शिखराच्या रात्री नळीतले पाणी गोठते आणि पाठीवर दोन लिटर पाणी असूनही घसा कोरडा राहतो. त्या रात्रीसाठी रुंद तोंडाच्या दोन पक्क्या बाटल्या कोमट पाण्याने भरा, त्यांवर लोकरीचे मोजे चढवा आणि पिशवीत त्या उलट्या ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरू लागतो, त्यामुळे बाटली उलटी असली की झाकण मोकळे राहते. संध्याकाळी हीच गरम पाण्याची बाटली स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवली, तर तुमच्या झोपेच्या प्रश्नाला तिचीही मदत होईल. बराफूला पाण्याचा झरा नाही, खालच्या करंगा दरीतून पोर्टर पाणी वर आणतात. तेव्हा तिथे हात-पाय धुण्याची अपेक्षा ठेवू नका आणि ओले कागदी रुमाल (वेट वाइप्स) जवळ बाळगा.

गोदाकाठ

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. यजमानांनी हे वाचून मारंगूचा हट्ट सोडला आहे आणि आम्ही लेमोशोच्या आठ दिवसांबद्दल चौकशी करतो आहोत. चटई, बूट आणि जाकीट इथेच घेऊ. बॅग आणि काठ्या तिथे. दोन गोष्टी राहिल्या. मोबाइल, कॅमेरा आणि डोक्याचा दिवा यांच्या चार्जिंगचे काय करावे, आणि घरचे काही खायला नेले तर ते वर उपयोगी पडते का?

कातळवाट

डोंगरावर चार्जिंगचा भरवसा धरू नका. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची होते, म्हणजे विमानातल्या १०० वॉट-अवरच्या मर्यादेत बसते. मात्र ती केबिनमधल्या पिशवीतच ठेवावी लागते. काठ्या भाड्याने घेणार आहात हे बरे, नाहीतर त्या चेक-इन सामानात टाकाव्या लागल्या असत्या. मुंबईहून अदिस अबाबा किंवा दोहामार्गे जाताना विमान बदलावे लागते आणि सामान मागे राहण्याची शक्यता धरूनच चालावे, म्हणून बूट पायात घालून आणि एक गरम थर, औषधे व पावसाचे कवच हातातल्या पिशवीत घेऊन प्रवास करा. भाड्याने काहीही मिळेल, पण तुमच्या पायाला सरावलेले बूट मिळणार नाहीत.

थंडीत बॅटरीची ताकद झपाट्याने उतरते. रात्री मोबाइल आणि पॉवर बँक बॅगेत अंगाजवळ घेऊन झोपा आणि शिखराच्या रात्री मोबाइल आतल्या खिशात ठेवा. डोक्याच्या दिव्यात साध्या अल्कलाइन सेलऐवजी लिथियम सेल घाला. ते थंडीत अधिक टिकतात. जादा सेल खिशात हवेत, डफलमध्ये नव्हेत, कारण डफल तळावरच राहते.

अरुशावासी

खाण्याविषयी मी सांगतो. स्वयंपाकी सूप, भात, पाव, बटाटे आणि फळे व्यवस्थित देतात, शाकाहारी जेवणाची सूचनाही पाळतात; पण चौथ्या दिवसापासून तोंडाची चव जाते. तेव्हा मेतकूट, लसणाची कोरडी चटणी आणि लिंबाच्या लोणच्याची घट्ट झाकणाची लहान बाटली यांच्या जोरावर भाताचे चार घास जास्त जातात. शिखराच्या रात्री खाण्यासाठी चिक्की आणू नका, ती गोठून दातांना हार जाणार नाही. चॉकलेटचेही तेच होते. राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि खारे काजू हातमोजे न काढता तोंडात टाकता येतील अशा रीतीने जाकिटाच्या वरच्या खिशात ठेवा. ओआरएसची पाकिटे पुरेशी आणा, इथे मिळतात पण चव वेगळी असते. आणि हे सगळे त्या १५ किलोंतच बसवायचे आहे, तेव्हा डफल भरून झाल्यावर घरच्या काट्यावर एकदा तोलून पाहा.